भाव सांगणारा कोण?



जमिनीवर बोला म्हटलं की आपल्या सभेत कुणीही उभं राहतं. दावा कुठं अडला, मोजणी कधी होणार, ई-क्लासवरची वहिती कुणी मोडली, सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण "गोडंबी काय भावानं विकायची?" एवढा साधा प्रश्न विचारला की सभा गप्प बसते. मग मागून कुणीतरी बाई म्हणते, "व्यापारी देईन तो भाव. आपल्याले काय कळते त्यातलं?"

या "आपल्याले काय कळते"वर आम्ही आज लिहितो आहोत. केनवड आणि रिसोड-मालेगाव पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांवर बाया गट करून गोडंबी आणि सीताफळ एकत्र विकायचं म्हणतात. गट ठीक, बँकेचं खातं ठीक, शिक्का ठीक. पण भाव ठरवायची रीत आधी ठरली नाही तर गट म्हणजे व्यापाऱ्याला एकाच जागी माल गोळा करून देणारी फुकटची हमाली होईल. म्हणून येत्या बैठकीआधी प्रत्येक वस्तीवर हा लेख मोठ्यानं वाचावा आणि त्यावर भांडावं, अशी आमची इच्छा आहे.

आज भाव ठरतो कसा?

आज आपल्याकडं भाव तीन तऱ्हेनं ठरतो.

पहिली तऱ्हा, घेणारा सांगतो. तो गाडी घेऊन वस्तीवर येतो, काटा त्याचा, दगड त्याचे, हिशेबाची वही त्याची. "या वर्षी माल लय आला, भाव पडला बाई" असं म्हणतो. माल खरंच लय आला का, कुठं आला, हे पाहायला आपल्यातलं कुणी गेलेलं नसतं.

दुसरी तऱ्हा, शेजारणीनं विकला तो भाव. तिनं दहा रुपये कमी घेतले की आपणही घेतो, कारण माल घरात राहील ही भीती. तिनं कमी का घेतले? तिला पोराच्या फीचे पैसे त्याच दिवशी भरायचे होते. म्हणजे एका घरची अडचण साऱ्या वस्तीचा बाजारभाव होते.

तिसरी तऱ्हा सगळ्यात वाईट, उचल. पावसाळ्यात घरात दाणा नसताना दोन हजार घेतले. आता माल त्यालाच घालायचा आणि तो लावील तो भाव घ्यायचा. इथं भाव हंगामात ठरतच नाही, सहा महिने आधी पोटातल्या भुकेनं ठरलेला असतो.

तिन्ही तऱ्हांत आपण कुठंच नाही. माल आपला, कष्ट आपले, भाव तेवढा दुसऱ्याचा. कोणतीही वस्तू विकायला निघालेला दुकानदार आधी विचारतो की मला ही किती रुपयांना पडली. आपण हे विचारत नाही, कारण आपल्याला वाटतं की रानातली वस्तू फुकट असते. इथूनच आपण फसतो.

बिबा फुकट नाही

बिब्याचं झाड कुणी लावत नाही हे खरं. पण बिब्यापासून गोडंबीपर्यंतचा रस्ता बायांच्या हातांवरून जातो. वेचायचं, वाळवायचं, एकेक बी दगडावर धरून फोडायचं. टरफलातलं तेल अंगावर उडालं की बिबा उततो. हात सुजतात, तोंड सुजतं, कातडी काळी पडून सोलून निघते. हाताला राख लावा, तेल लावा, फडकं गुंडाळा, तरी तो उततोच. बाळंतिणीच्या लाडवात आणि शहरातल्या मिठाईत जी पांढरी गोडंबी दिसते तिच्यामागं हे असतं.

तर हिशेब मांडू. खालचे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या घरचे खरे आकडे घालून तुम्ही तो परत करा.

समजा एका बाईनं दोन दिवस वेचणी केली आणि दोन दिवस फोडणी केली, तेव्हा तीन किलो गोडंबी निघाली. आता तिच्या चार दिवसांची किंमत काय धरायची? रोजगार हमीचा महाराष्ट्राचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. सरकारच म्हणतं की माती उचलणाऱ्या माणसाचा दिवस यापेक्षा स्वस्त नाही. मग अंग जाळून घेणाऱ्या बाईचा दिवस त्याहून स्वस्त कसा असेल? चार दिवसांचे झाले १२४८. तेल, फडकी, पोतं यांचे ६० धरा. बाजाराला जाण्यायेण्याचे ९० धरा. बेरीज १३९८.

इथं बहुतेक जण थांबतात. आम्ही म्हणतो, थांबू नका. बिबा उतला की बाई घरी बसते. आठ दिवसांच्या कामामागं एक दिवस असा गेला असं धरलं तर चार दिवसांमागं अर्धा दिवस, म्हणजे १५६ रुपये. तो दिवस बिब्यानंच खाल्ला, तो बिब्याच्याच खात्यावर लिहायचा. झाले १५५४. तीन किलोनं भागा, किलोला ५१८ रुपये.

अजून एक वाटा राहिला, रानाचा आणि गटाचा. वणवा लागू नये म्हणून जाळरेषा कोण काढणार? नवी रोपं कोण राखणार? काटा कुठून घेणार? त्यासाठी शंभराला दहा धरले तर भाव होतो जवळपास ५७० रुपये किलो.

हा आपला तळ. याच्या खाली विकलं तर आपण धंदा करत नाही, आपल्या अंगाचं कातडं दान करतो. व्यापाऱ्यानं तीनशे सांगितले तर "भाव कमी आहे" असं मोघम म्हणायची गरज नाही. "तुझ्या तीनशेत माझी रोजीही निघत नाही, हा पहा हिशेब" असं म्हणता येतं. हिशेब लिहिलेला कागद हातात असला की बाईचा आवाजही बदलतो.

खर्चाचा हिशेब कुणाचा?

खर्चावर भाव मागायची गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. १९८० च्या सुमारास चाकणच्या कांद्याला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं रस्ते अडवले आणि उत्पादनखर्चावर आधारित भावाची मागणी गावोगाव नेली. त्या लढ्यानं शेतकऱ्याला आपला खर्च लिहायला शिकवलं, हे आम्ही मानतो. पण त्या हिशेबात ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचं पान कोरंच राहिलं.

आजच्या हमीभावाचंच पाहा. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाकडं खर्चाचे वेगवेगळे हिशेब असतात. बियाणं, खत, औषध, बाहेरची मजुरी असा खिशातून गेलेला खर्च हा एक. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की दुसरा. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचं व्याज मिळवलं की तिसरा, त्याला 'सी-टू' म्हणतात. स्वामिनाथन आयोगाची शिफारस या तिसऱ्या खर्चावर पन्नास टक्के अशी शेतकरी चळवळ मागते. २०१८ पासून सरकार दीडपट देतो म्हणतं ते दुसऱ्या खर्चाच्या दीडपट. म्हणजे भांडण कशाचं आहे? खर्चात जमीन धरायची की नाही याचं! आपल्या लढाईशी हे भांडण किती जवळचं आहे ते पाहा. जमिनीला किंमत आहे हे सगळ्यांना कळतं, फक्त ती आपल्या ताब्यात असली की तिची किंमत कुणी धरत नाही.

आणि हमीभाव मिळतो तरी कुणाला? २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये जाहीर झाला. पण खरेदी केंद्रावर नाव नोंदवायला पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. ई-क्लासवर किंवा वनजमिनीवर वीस-तीस वर्षं कसणाऱ्या आपल्या माणसाकडं तो नाही. सोयाबीन तेच, पाऊस तोच, दाणाही तसाच. तरी त्याला खेडा खरेदीवाल्याच्याच दारात जावं लागतं. कागद नसलेल्या माणसाला हमीभाव पेपरात वाचायला मिळतो, हातात पडत नाही.

उलटा हिशेब

खर्चावरून काढलेला भाव हा तळ झाला. पण विकायचं त्याच भावाला असं कुणी सांगितलं? याच्यासाठी दुसरा हिशेब उलट्या बाजूनं करायचा. शेवटी खाणारा किती देतो तिथून सुरू करून मागं यायचं.

गटातल्या दोघींनी वाशिमला, अकोल्याला जावं. सुकामेव्याच्या चार दुकानांत गिऱ्हाईक म्हणून गोडंबीचा भाव विचारावा आणि वहीत लिहून आणावा. मग त्यातून दुकानदाराचा वाटा, गाडीभाडं, निवडणुकीची मजुरी, तूट वजा करावी. जे उरतं ते आपल्या दारातला वरचा भाव, म्हणजे छत. तळ आणि छत यांच्या मधली जागा ही सौद्याची जागा. आज ती सगळी जागा मधला माणूस खातो, कारण आपल्याला तळही माहीत नाही आणि छतही माहीत नाही.

दोन्ही हिशेब झाल्यावर कधी असंही दिसेल की छत तळाच्या खाली आलं आहे. म्हणजे खाणारा द्यायला तयार आहे त्यात आपली रोजी निघतच नाही. तेव्हा रागावून उपयोग नाही. एक तर काम बदलायचं, नाही तर फोडणीचं साधं यंत्र आणून दिवस वाचवायचे, नाही तर ती वस्तू घरच्या खाण्यापुरती ठेवायची. "आमचे कष्ट जास्त, म्हणून भाव जास्त द्या" एवढ्यानं गिऱ्हाईक येत नाही, हेही आपण स्वतःला सांगितलं पाहिजे.

सीताफळाला गोडंबीची रीत चालत नाही

गोडंबी डब्यात ठेवली तर महिने टिकते. सीताफळ झाडावरून उतरलं की दोन-तीन दिवसांत मऊ पडतं. सकाळी टोपली मांडली तेव्हा विकणारी आणि घेणारा बरोबरीचे असतात. दुपार टळली की घेणारा वरचढ होतो. संध्याकाळी त्याला माहीत असतं, बाईला गावाकडची गाडी धरायची आहे. म्हणून तो सकाळी भाव विचारून जातो आणि संध्याकाळी परत येतो.

यावर अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावाचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. आपल्याच विभागातलं गाव. वनहक्क कायद्याखाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, लोकांनी उजाड रान राखलं, आणि तिथली सीताफळं निवडून, प्रतवारी करून 'नॅचरल्स मेळघाट' या नावानं विकली. फळ तेच, रानातलंच. फरक एवढाच की ढीग लावून एका भावात न विकता त्याची वर्गवारी केली आणि त्याला गावाचं नाव दिलं.

प्रतवारीनं काय होतं ते पाहू. समजा शंभर किलो फळ ढिगानं ३० रुपयांनी दिलं, तर ३००० आले. तेच निवडलं. मोठं, डोळे उघडलेलं ३० किलो, ६० रुपयांनी १८००. मधलं ४० किलो, ३५ रुपयांनी १४००. बारकं ३० किलो इथंच बाजारात १५ रुपयांनी ४५०. बेरीज ३६५०. साडेसहाशे जास्त आले. त्यातून निवडणाऱ्या बाईचा एक दिवस ३१२ वजा करा, ३३८ उरले. यातून क्रेटचं भाडंही जाईल. म्हणजे फायदा आहे, पण रातोरात कुणी श्रीमंत होणार नाही. ज्यांना कुणी ट्रेनिंगमध्ये लाखोंचे आकडे दाखवले असतील त्यांनी हे जरा जपून वाचावं.

सीताफळात आणखी एक मारामारी आहे, कच्चं फळ तोडायची. मी नाही तोडलं तर दुसरा तोडील, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळं रान ओरबाडलं जातं. कच्चं फळ नीट पिकत नाही, काळं पडतं, मग साऱ्या गावच्या फळाचं नाव खराब होतं. यावर उपाय गावाच्या हातात आहे. तोडणीचा पहिला दिवस सभेनं ठरवायचा. त्याआधी तोडलेलं फळ गट घेणार नाही. भाव राखायची ही सगळ्यात स्वस्त रीत आहे, याला एक रुपया लागत नाही, नुसती एकी लागते.

लिलाव, आणि लिलावाची नशा

तेंदूपानाची रीत आणखी वेगळी. घेणारे थोडे, माल मोठा आणि हंगाम उन्हाळ्यातला थोड्या दिवसांचा. महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्यानं तेंदूचा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, आणि पुड्यामागं मजुरी. पिढ्यान्पिढ्या पान तोडणारा फक्त मजूर राहिला. वनहक्क कायदा आल्यावर, २०१३ साली गोंदिया आणि गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी स्वतः लिलाव केला. पहिल्यांदा पानाचा मालक म्हणून गाव ठेकेदारापुढं बसलं.

मेंढा-लेखाचं तर सगळ्यांना माहीत आहे. १८०० हेक्टरच्या वर रानावर हक्क मिळूनही बांबूचा वाहतूक परवाना खात्याकडंच होता. २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. त्या दिवसापासून बांबूचा भाव गाव सांगू लागलं. ज्याच्याकडं परवाना नाही त्याच्या भावाला कोण विचारतो?

पण लिलावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१७ च्या हंगामात गडचिरोलीत तेंदूचे भाव आकाशाला भिडले. गावं खूश झाली. पुढच्याच साली, २०१८ ला, ते कोसळले, आणि काही ठेकेदारांकडं ग्रामसभांचे पैसे अडकून पडले. बोली मोठी होती, पण बोली म्हणजे पैसे नव्हेत. यातून शिकायचं ते असं की सगळ्यात मोठी बोली लावणारा चांगला असं नाही. किती आगाऊ देतो, हप्ते कसे, माल उचलायच्या आधी किती आणि नंतर किती, हेही भावातच धरायचं. उधारीचे शंभर आणि नगदी ऐंशी यात कधी कधी ऐंशीच जास्त असतात.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. हक्क मिळाल्यावर त्यांनी ठरवलं की तेंदू तोडायचाच नाही. पानासाठी फांद्या छाटाव्या लागतात, रानात आग लावली जाते, त्यात रानाचं नुकसान होतं. बांबू विकू, तेंदू नको. आम्हाला हा भावाच्या विषयातला सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. काही वस्तूंचा भाव कितीही आला तरी तो कमीच, हे मालकच म्हणू शकतो. मजुराला तसं म्हणता येत नाही.

थांबता आलं पाहिजे

इतक्या रीती सांगितल्या. पण साथींनो, या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. भाव तोच सांगतो ज्याला थांबता येतं.

व्यापाऱ्याला थांबता येतं. आज नाही घेतली गोडंबी तर पुढच्या आठवड्यात घेईल. आपल्याला संध्याकाळचं पीठ आणायचं आहे. दोघं समोरासमोर बसले की कोण आधी वाकेल हे कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नाही.

थांबायला काय लागतं? माल ठेवायला कोरडी जागा लागते. त्या जागेचा कागद लागतो, नाही तर गोदाम बांधायला कुणी परवानगी देत नाही. हातात थोडे पैसे लागतात, त्यासाठी तारण लागतं, तारणाला सातबारा लागतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. शेतकऱ्यानं बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन, तूर, हळद ठेवली तर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं मिळतं, आणि भाव चढेपर्यंत थांबता येतं. काजू बी, बेदाणाही तिच्यात आहे. मग गोडंबी का नको? आणि गटाचा माल सातबाऱ्याशिवाय का नको? ही मागणी आपण मोर्चाच्या निवेदनात घातली पाहिजे.

म्हणून "जमिनीची लढाई सोडून तुम्ही बाजाराच्या मागं लागलात" असं जे साथी म्हणतात त्यांना आमचं उत्तर सरळ आहे. पट्टा मिळाला आणि भाव दुसऱ्यानंच ठरवला, तर पट्टा हळूहळू सावकाराच्या कपाटात जातो. आणि पट्टा नसेल तर भाव ठरवायची ताकदच येत नाही. दोन्ही एकाच दोरीचे पीळ आहेत. मेंढा-लेखानं २०१३ साली गावची सगळी जमीन ग्रामदानात दिली ती यासाठीच, की एकेकटा माणूस अडचणीत आला म्हणून गावची जमीन विकली जाऊ नये.

आपला वाशिम जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. पेसा कायदा इथं लागू नाही, हे ऐकून आपण नेहमी हात टेकतो. पण २००६ चा वनहक्क कायदा क्षेत्र पाहत नाही. त्याच्या कलम ३(१)(ग) मध्ये गौण वनोपज गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा मालकी हक्क लिहिला आहे. २०१२ च्या सुधारित नियमांनी वाहतूक परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडं दिलं. बिबा, मोह, सीताफळ, मध यांच्यासाठी सामूहिक दावे आपल्या किती गावांनी भरले? वैयक्तिक दाव्यासाठी आपण दहा चकरा मारतो, सामूहिक दाव्याचा फॉर्म कोराच राहतो. भावाची पहिली पायरी तो फॉर्म आहे.

दोन शंका

"भाव वाढवला तर घेणार कोण?" ही शंका बायांनी काढली आणि ती खरी आहे. सगळा माल एकदम वरच्या भावानं विकायला काढू नये. पहिल्या वर्षी अर्धा माल नेहमीच्या घेणाऱ्याला तळभावानं द्यावा आणि अर्धा स्वच्छ निवडून, पाव किलोच्या पुड्या करून वरच्या भावानं विकून पाहावा. काय होतं ते वहीत लिहावं. पण तळाच्या खाली एक दाणाही नाही, हे मात्र पक्कं.

"सरकार भाव बांधून देईल ना?" ही दुसरी शंका. राज्यात आदिवासी विकास महामंडळ १९७२ पासून आहे. १९७६ च्या कायद्यानं त्याला एकाधिकार खरेदीचं काम दिलं, कारण व्यापारी आदिवासीला लुटतो हे सरकारनंच मान्य केलं होतं. वनोपजाला हमीभावाची केंद्राची योजना २०१३ मध्ये आली. २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलाचा भाव किलोला १७ वरून ३० रुपये केला. एका झटक्यात जवळपास पावणेदोनपट! त्याच्या आदल्या वर्षी वेचणाऱ्या बाईचे कष्ट काय निम्मे होते? सरकारी भाव जरूर मागू, केंद्र उघडा म्हणून धरणं धरू. पण आपला हिशेब आपल्याकडं असेल तरच तो भाव पुरेसा आहे की नाही हे सांगता येईल.

बैठकीत काय ठरवायचं

आमची सूचना अशी. मान्य नसेल तर दुसरी मांडा, पण काहीतरी ठरवूनच उठा.

१. प्रत्येक वस्तीवर एक वही. वेचणी, फोडणी, आजारपण, गाडीभाडं, सगळं त्या त्या दिवशी लिहायचं. लिहिता न येणाऱ्या बायांसाठी शाळेत जाणाऱ्या पोरींनी लिहावं.

२. बाईचा दिवस रोजगार हमीच्या दरापेक्षा कमी धरायचा नाही.

३. गोडंबीचा तळभाव खर्चावरून, वरचा भाव बाजारातून मागं मोजून. दोन्ही आकडे फळ्यावर सगळ्यांना दिसतील असे.

४. सीताफळाची तोडणी सभेनं ठरवलेल्या दिवसापासून. तीन प्रती, तीन भाव. संध्याकाळी उरलेलं फळ मातीमोल देण्यापेक्षा वस्तीतल्या लेकरांना वाटावं. घेणाऱ्याला एकदा कळू द्या की संध्याकाळी भाव पडत नाही.

५. गटाचा स्वतःचा काटा, तपासून शिक्का मारून घेतलेला. दुसऱ्याच्या काट्यावर चांगला भावही खोटा ठरतो.

६. गटाच्या पैशातून अडचणीच्या घराला हंगामाआधी उचल. ही सगळ्यात आधी करायची गोष्ट आहे. बाहेरची उचल थांबली नाही तर वरच्या पाचही गोष्टी कागदावर राहतील.

७. सामूहिक वनहक्काचा दावा याच हंगामात दाखल करायचा.

एकटी बाई भाव सांगते तेव्हा घेणारा हसतो आणि म्हणतो, "घ्यायचे असतीन तं घे पैसे, नाही तं राहू दे." चाळीस बाया एकच भाव सांगतात तेव्हा तो हसत नाही, खाली बसतो आणि हिशेब विचारतो. त्या वेळी वही उघडून दाखवायला आपण तयार असलं पाहिजे.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची!
कष्ट आमचे, भावही आमचा!
जोहार! जिंदाबाद!

केनवड परिसरातील तरुण कार्यकर्ते